काँक्रीटच्या रस्त्याखाली इन्सुलेशन: गोठणाऱ्या जमिनीपासून स्लॅब वाचवायचा कसा?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात काँक्रीटचे रस्ते हिवाळ्यात उचलले जातात, वसंतात खचतात आणि काही वर्षांत सांध्यांपाशी फुटतात. त्यावर एक उपाय हल्ली वारंवार सुचवला जातो: स्लॅबच्या खाली एक्सपीएससारख्या (दाबून घडवलेलं, बंद पेशींचं पॉलिस्टायरीन) फोमच्या पाट्या अंथरायच्या, म्हणजे थंडी जमिनीत उतरणारच नाही. उपाय चांगला आहे, माझा त्यावर विश्वास आहे. पण तो ज्या पद्धतीने सांगितला जातो ती मला धोक्याची वाटते. "पाच सेंटिमीटरची पाटी टाका आणि निश्चिंत व्हा" एवढ्यावर रस्ता टिकत नाही. म्हणून हा धागा.

आधी रस्ता उचलला का जातो ते पाहू. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे रस्ता त्या फुगण्यानेच उचलला जातो असं सरसकट धरलं जातं. आकडे मात्र जुळत नाहीत. एक मीटर जाडीची, ४० टक्के पोकळी असलेली आणि पाण्याने पूर्ण भरलेली माती गोठली, तर त्या हिशेबाने वाढ जेमतेम साडेतीन सेंटिमीटर होते. प्रत्यक्षात रस्ते त्याच्या कितीतरी पट उचलले गेलेले आहेत. अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास हा प्रश्न फार सुंदर प्रयोगाने सोडवला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन वापरलं. बेंझीन गोठताना आकुंचन पावतं. तरीही माती वर उचलली गेली!

म्हणजे खरं कारण दुसरं आहे. गोठणरेषेपाशी बर्फाच्या आडव्या चकत्या तयार होतात, त्यांना आइस लेन्स म्हणतात. दिव्याची वात तेल ओढते तशी ही माती खालून पाणी ओढते आणि चकत्या जाड होत जातात. जितकं पाणी वर येईल तितका रस्ता वर जाणार. यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: गोठणारं तापमान, पाणी, आणि पाणी ओढून वर नेऊ शकणारी माती. तिन्हींपैकी एक काढली की खेळ थांबतो. इन्सुलेशन पहिली गोष्ट काढतं, किंवा निदान कमी करतं. उरलेल्या दोन गोष्टी तिथेच असतात, आणि पाट्या टाकल्या की लोक नेमक्या त्याच विसरतात.

डांबरी रस्ता थोडा वाकून घेतो. काँक्रीटचा स्लॅब वाकत नाही. खालची जमीन सगळीकडे सारखी उचलली गेली तर स्लॅबला काही होत नाही, पण ती कधीच सारखी उचलली जात नाही. स्लॅब दोन उंचवट्यांवर टेकतो, मध्ये पोकळी राहते, वरून ट्रक जातो आणि तडा पडतो.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा. विशेषतः ज्यांनी थंड भागात काम केलंय त्यांनी.

---

खडीवाला

चांगला विषय. माझा पहिला प्रश्न साधा आहे. फोम कशाला हवा? जाड खडीचा थर टाका. खडी पाणी ओढत नाही, त्यात बर्फाच्या चकत्या बनत नाहीत. कित्येक दशकं जग हेच करत आलंय.

जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथल्या आरएसटीओ या २०१२ च्या मार्गदर्शक नियमांत मातीचे एफ१, एफ२, एफ३ असे वर्ग आहेत. एफ३ म्हणजे गोठणीला सर्वांत जास्त बळी पडणारी माती. अशा मातीवर जड वाहतुकीचा रस्ता असेल तर स्लॅबपासून खालपर्यंत गोठणीला न बधणारी एकूण जाडी ६५ सेंमी धरतात. त्यावर थंडीच्या विभागानुसार वाढ, सर्वांत थंड विभागात आणखी १५ सेंमी. त्या जाडीखालची माती थोडीफार गोठली तरी चालतं, असा त्यामागचा विचार आहे. व्यवहारी आणि पुरेसं.

---

पायवाट

खडीवाला, जिथे खडी मुबलक आहे आणि हिवाळा मध्यम आहे तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तिथे फोमचा हट्ट धरू नये.

पण हिवाळा कडक झाला की गणित बदलतं. एक ढोबळ हिशेब मांडतो. थंडी मोजायचं माप म्हणजे फ्रीझिंग इंडेक्स: शून्याखालचे अंश गुणिले दिवस. समजा तो ५०० आहे, म्हणजे उदाहरणार्थ १०० दिवस सरासरी उणे ५. माती अशी धरू की तिच्या दर घनमीटरला १८०० किलो कोरडं वजन आहे आणि १० टक्के ओलावा आहे. त्यातलं पाणी गोठवायला घनमीटरमागे सुमारे ६० मेगाजूल उष्णता बाहेर काढावी लागते. गोठलेल्या मातीची उष्णतावाहकता २ धरली, वॉट प्रति मीटर प्रति केल्विन, तर गोठणीची खोली काढणाऱ्या स्टेफानच्या सूत्राने गोठण साधारण १.७ मीटर खोल जाते.

आता स्लॅब आणि खडी मिळून अर्ध्या मीटरखाली ५ सेंमी एक्सपीएस टाका. त्याची वाहकता ०.०३५ च्या आसपास. त्याच सूत्राने पाटीच्या खाली गोठण फक्त ४० सेंमी उतरते. हे सूत्र खालून येणारी जमिनीची ऊब धरत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून कमी निघतो. नुसत्या उष्णतारोधाने पाहिलं तर ती ५ सेंमीची पाटी जवळजवळ २.८ मीटर खडीच्या तोलाची आहे. एवढी खोदाई आणि एवढी खडी कोण करणार?

आणखी एक गोष्ट, जी मला सुरुवातीला पटायला वेळ लागला. कोरड्या खडीत गोठवायला पाणीच नसतं, म्हणून गोठण खडीतून भराभर खाली जाते. ओल्या मातीत ती रेंगाळते, कारण तिथे पाणी गोठताना उष्णता बाहेर पडत राहते. म्हणजे खडीचा थर स्वतः फुगत नाही हे खरं, पण थंडीला तो फारसा अडवतही नाही.

---

शेवाळ

वाचतेय. पाटी १० सेंमी केली तर गोठण शून्यावर येईल का?

---

पायवाट

शेवाळ, नाही. त्याच आकड्यांनी ४० चे सुमारे २३ सेंमी होतात. पहिले ५ सेंमी जेवढं काम करतात तेवढं पुढचे ५ करत नाहीत. म्हणून जाडी वाढवत बसण्यापेक्षा पाटीच्या कडा, टोकं आणि पाण्याचा निचरा यांवर लक्ष घालणं मला जास्त मोलाचं वाटतं.

---

मातीपरीक्षक

माती कोणती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका अशी विनंती.

सगळ्यांत वाईट गाळमाती, म्हणजे सिल्ट. वाळूची पोकळी मोठी, ती पाणी वर ओढू शकत नाही. चिकणमातीत ओढ प्रचंड असते, पण तिच्यातून पाणी इतकं सावकाश जातं की एका हिवाळ्यात फार काही पोहोचत नाही. गाळमातीत दोन्ही गोष्टी नेमक्या जुळतात: ओढही पुरेशी, वाटही मोकळी. पट्ट्यापट्ट्यांनी गाळ असलेली चिकणमातीही तितकीच त्रासदायक.

मृदाशास्त्रातले अभियंते आर्थर कासाग्रांदे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेला निकष आजही पहिली चाळणी म्हणून उपयोगी पडतो. ०.०२ मिमीपेक्षा बारीक कण मिश्र आकाराच्या मातीत ३ टक्क्यांहून जास्त असतील, तर ती गोठणीत फुगणारी समजा. अगदी एकसारख्या कणांच्या मातीत ही मर्यादा १० टक्के. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की ३ टक्के म्हणजे फारच थोडं. स्वच्छ दिसणारी खडी वाहतुकीत आणि रोलरखाली घासून चुरा होते आणि ही मर्यादा ओलांडते. मग सबबेसच, म्हणजे स्लॅबखालचा खडीचा थरच, फुगायला लागतो. त्यामुळे नमुना खाणीतला नको, दाबून झालेल्या थरातला घ्या.

भूजल किती खोल आहे तेही पाहा, आणि ते पावसाळ्यानंतर, गोठण सुरू होण्याच्या आधी. भर उन्हाळ्यात मोजलेली पातळी इथे कामाची नाही.

---

खडीवाला

+१. चुऱ्याचा मुद्दा अगदी खरा. क्रशरवरून आलेला रिपोर्ट आणि रोलर फिरल्यानंतरचा रिपोर्ट यांत फरक पडतोच.

---

दूरचाप्रवासी

एक शंका. रस्त्याखाली फोम? त्यावरून अवजड ट्रक जाणार. दबून सपाट नाही होणार?

---

डोवेलबार

दूरचाप्रवासी, ही शंका प्रत्येकाला येते. काँक्रीटचा स्लॅब भार खूप मोठ्या क्षेत्रावर पसरवतो. २५ सेंमी जाडीचा स्लॅब, ४० किलोन्यूटन चाकाचा भार: स्लॅबच्या मध्यावर खाली जाणारा दाब १० किलोपास्कलच्याही आत असतो, आणि मोकळ्या कडेला साधारण २०. त्यात स्लॅबचं आणि खडीचं स्वतःचं वजन, आणखी १२ च्या आसपास. एक्सपीएसच्या साध्या पाट्यासुद्धा ३०० किलोपास्कल ताकदीच्या मिळतात, ५०० आणि ७०० च्याही असतात. ही ताकद १० टक्के दबण्याच्या कसोटीची असते. वर्षानुवर्षं भाराखाली सावकाश दबत जाणं वेगळं, त्यासाठी ताकदीचा बराच लहान हिस्साच वापरायचा. तरीही हिशेबात भरपूर मोकळीक राहते.

नॉर्वेत १९७२ मध्ये ऑस्लोजवळच्या फ्लोम इथे पुलालगतच्या खचणाऱ्या भरावाच्या जागी ईपीएसचे (थर्माकोलसारखं पॉलिस्टायरीन) ठोकळेच्या ठोकळे घातले गेले. रस्त्याचा भराव म्हणून फोम वापरण्याची ती सुरुवात मानली जाते. तेव्हा फोम रस्त्याचं ओझं पेलतो का, याचं उत्तर काळाने दिलेलं आहे.

माझी काळजी चिरडण्याची नाही, मऊपणाची आहे. पाटी स्प्रिंगप्रमाणे थोडी दबते आणि परत येते. ती थेट स्लॅबला चिकटून ठेवली तर स्लॅबखालचा आधार मऊ होतो, कडांवर वाकण्याचा ताण वाढतो आणि सांध्यावर शेजारचे दोन स्लॅब वेगवेगळे हलतात. म्हणून पाटी आणि स्लॅब यांच्यामध्ये चांगला दाबलेला खडीचा किंवा सिमेंटने बांधलेला थर हवाच. आणि सांध्यांमध्ये डोवेल बार, म्हणजे शेजारच्या दोन स्लॅबना जोडणाऱ्या पोलादी सळ्या. बिनडोवेलचा स्लॅब आणि खाली फोम, ही जोडी मी कधीही सुचवणार नाही.

---

काळाबर्फ

मध्ये थर हवा याला आणखी एक मोठं कारण आहे, आणि ते जिवाशी संबंधित आहे.

शरद ऋतूतल्या निरभ्र रात्री रस्त्याचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता फेकत असतो. साध्या रस्त्याला उन्हाळ्यात जमिनीत साठलेली ऊब खालून मिळत राहते. खाली इन्सुलेशन असेल तर ती ऊब पाटीखालीच अडकते. मग तोच रस्ता, तीच हवा, पण इन्सुलेशनवरचा तुकडा आधी शून्याखाली जातो आणि त्यावर हिमकण धरतात. चालक कोरड्या रस्त्यावरून वेगात येतो आणि अचानक दीडदोनशे मीटरचा निसरडा पट्टा लागतो, तोही डोळ्यांना न दिसणारा. स्कँडिनेव्हियात हा धोका १९७० च्या दशकातच ओळखला गेला.

म्हणून पाटी वर आणू नका. तिच्या डोक्यावर स्लॅब आणि खडी मिळून अर्धा मीटरभर तरी माल असावा, आणि ती खडी अगदी कोरडीठाक नसेल तर बरंच. त्या मालातली साठलेली उष्णता आणि त्यातल्या ओलाव्याच्या गोठण्यातून सुटणारी उष्णता पृष्ठभागाला थोडा वेळ सावरते. वळणावर, उतारावर किंवा पुलाच्या तोंडाशी इन्सुलेशनचा तुकडा संपवू नका. त्या जागी चालकाला सावरायला वेळच मिळत नाही.

---

शेवाळ

हे मला अजिबात माहीत नव्हतं. पूर्ण लांबीला इन्सुलेशन केलं तर फरक पडणार नाही ना, सगळा रस्ता सारखाच थंड?

---

काळाबर्फ

बरोबर. निसरडेपणा मग सगळीकडे सारखा येतो आणि मीठ टाकणाऱ्या गाड्यांना निदान कधी निघायचं ते कळतं. धोका तुकड्यातुकड्यांच्या इन्सुलेशनचा आहे.

---

मिश्रणकार

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण धाग्याच्या नावातच "स्लॅब वाचवायचा" असं मोघम म्हटलंय. इन्सुलेशन स्लॅबखालची जमीन वाचवतं. स्लॅबचं काँक्रीट ते वाचवत नाही. उलट खालची ऊब तुटल्यामुळे स्लॅब थोडा जास्तच थंड होतो.

काँक्रीट स्वतः कसं मोडतं? त्याच्या रंध्रांत पाणी असतं. रंध्रं जवळजवळ पूर्ण भरलेली असतील, म्हणजे साधारण ९२ टक्क्यांच्या वर, तर गोठताना वाढलेल्या आकाराला जागाच उरत नाही. आतून ताण येतो, आणि गोठणं-वितळणं शेकडो वेळा झालं की पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटायला लागतो. वर मीठ पडत असेल तर फार लवकर. याचा उपाय मिश्रणातच आहे: एअर एन्ट्रेनिंग मिश्रक घालून काँक्रीटमध्ये अतिसूक्ष्म बुडबुडे सोडायचे, एकूण हवा साधारण ५ ते ७ टक्के. काँक्रीट संशोधक टी. सी. पॉवर्स यांच्या कामातून कळलं की किती हवा आहे यापेक्षा बुडबुडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. त्यांच्यातल्या अंतराचा गुणांक ०.२ मिमीच्या आत असावा. मोठे बुडबुडे टक्केवारी भरून काढतात, काम करत नाहीत.

त्यात पंप आणि व्हायब्रेटर हवा बाहेर काढतात. प्लांटवर ६ टक्के मोजलं म्हणून रस्त्यात ६ टक्के आहे असं धरू नका, पेव्हरच्या, म्हणजे काँक्रीट पसरवणाऱ्या यंत्राच्या, मागे मोजा.

खडीचे काही प्रकारही स्वतः पाणी धरून फुटतात, त्याने सांध्यांच्या कडेने बारीक समांतर तडे येतात, त्यांना डी-क्रॅकिंग म्हणतात. तिथे खालची पाटी काहीच करू शकत नाही. खडी बदलावी लागते.

---

पायवाट

मिश्रणकार, मनापासून आभार. हा मुद्दा मी सुरुवातीलाच लिहायला हवा असा होता. दोन वेगळे आजार, दोन वेगळी औषधं.

---

नवाअभियंता

ताजं काँक्रीट थंडीत टाकताना वरून इन्सुलेटेड ब्लँकेट टाकतात, ते या विषयात येतं का?

---

मिश्रणकार

जवळचा विषय आहे, पण हेतू वेगळा. तिथे सिमेंटची स्वतःची उष्णता कोंडून ठेवायची असते, जोवर काँक्रीट पहिली गोठण सोसण्याइतकं धरत नाही. साधारण ३.५ मेगापास्कल ताकद येईपर्यंत ते अजिबात गोठू द्यायचं नाही, हा एसीआयचा (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट) सर्वपरिचित उंबरठा. त्या आधी गोठलं तर ताकदीचं कायमचं नुकसान होतं, नंतर कितीही पाणी मारा. कडा आणि कोपरे आधी गार होतात, तिथे ब्लँकेट दुहेरी घ्या. ब्लँकेट एकदम उचलू नका, तापमान हळूहळू उतरू द्या, नाहीतर पृष्ठभागाला तडे जातात. आणि गोठलेल्या सबबेसवर काँक्रीट कधीच ओतू नका. वसंतात खालचं वितळलं की तुमचा नवाकोरा स्लॅब हवेत.

---

मातीपरीक्षक

वसंताचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हिवाळ्यातल्या उचलण्यापेक्षा वसंतातलं वितळणं रस्त्याला जास्त मारतं असं माझं ठाम मत आहे.

बर्फ वरून खाली वितळतो. म्हणजे वरच्या थरात पाणी झालेलं असतं आणि खाली अजून गोठलेली जमीन, त्या पाण्याला जायला वाटच नाही. माती चिखल होते. स्लॅबच्या सांध्यावरून चाक गेलं की तो चिखल दाबाने वर उसळतो, प्रत्येक चाकागणिक थोडा बारीक माल बाहेर जातो. याला पंपिंग म्हणतात. काही काळाने सांध्याखाली पोकळी, मग एक स्लॅब खाली एक वर, मग कोपरा तुटतो. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ आशो रोड टेस्ट ही रस्त्यांची मोठी चाचणी झाली. तिथे काँक्रीटच्या रस्त्यांच्या नासधुशीत हे पंपिंग ठळकपणे दिसलं, आणि वसंतातले दिवस रस्त्यांवर सर्वांत भारी गेले. म्हणूनच कित्येक थंड देशांत वसंतात काही आठवडे अवजड वाहनांवर भारमर्यादा असते.

इन्सुलेशनचा खरा फायदा मला इथे दिसतो. मातीत बर्फ साठलाच नाही, तर वितळायला काही उरत नाही.

---

पायवाट

अगदी नेमकं. आणि म्हणूनच पाण्याचा मुद्दा मी पुन्हा मांडतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त रस्ते इथेच फसतात.

पाटी पाणी आरपार जाऊ देत नाही. स्लॅबचे सांधे कितीही भरले तरी काही पाणी खाली उतरतंच. साध्या रस्त्यात ते खडीतून झिरपून जातं. पाटी असेल तर ते पाटीवर थांबतं. आता विचार करा: पाटीवर साठलेलं पाणी, त्याच्या वर गार स्लॅब, खालून ऊब नाही. ते हमखास गोठणार. ज्या बर्फापासून वाचायला पाटी टाकली, तोच बर्फ आपण पाटीच्या वर स्लॅबच्या जवळ आणून ठेवला.

म्हणून पाटी सपाट नको. रस्त्याच्या आडव्या उताराइतका उतार तिलाही द्या. तिच्यावरच्या खडीतून पाणी बाहेर निघेल अशी मोकळी वाट कडेला ठेवा आणि ती वाट खांद्याच्या (रस्त्याच्या कडेच्या पट्टीच्या) चिकट मातीने बुजवू नका. कडेची नाली पाटीच्या पातळीच्या खाली असू द्या. आणि नालीचं तोंड हिवाळ्यात बर्फाने बंद होणार नाही हे पाहा, ते पाहणं राहून जातं.

पाटीखालूनही ओलावा येतोच. खालची जमीन ऊबदार, वरची बाजू थंड, म्हणून वाफ पाटीकडे ओढली जाते आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी तिच्यात मुरते. एक्सपीएस बंद पेशींचा असल्यामुळे कमी शोषतो, ईपीएस जास्त. वरच्याच हिशेबात ओलीमुळे वाहकता ०.०३५ वरून ०.०५ झाली, तर ४० सेंमीची गोठण ५२ सेंमीवर जाते. म्हणून कोऱ्या पाटीच्या कागदी आकड्यावर रस्ता आखू नये, ओल धरलेल्या पाटीचा आकडा घ्यावा.

---

काचखडी

सगळे एक्सपीएसबद्दलच बोलताहेत म्हणून फोम ग्लासची बाजू मांडते. टाकाऊ काचेची भुकटी करून, फुगवून, फोडलेली हलकी खडी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये रस्त्यांखाली भरपूर वापरतात. उष्णतारोधात ती एक्सपीएसच्या तीन-चार पट मागे आहे, त्यामुळे थर जाड लागतो. पण ती खडीसारखी पसरते, पाणी तिच्यातून निघून जातं आणि पाट्यांच्या फटींचा प्रश्नच येत नाही. पायवाट यांनी सांगितलेला पाणी साठण्याचा धोका इथे जवळजवळ संपतो. डिझेल-पेट्रोलनेही तिला काही होत नाही. पॉलिस्टायरीन मात्र पेट्रोलमध्ये विरघळतो, टँकर उलटला तर खाली काय उरेल सांगता येत नाही. तिथे पाटीवर इंधनरोधक पडदा टाकावा लागतो.

सावधगिरी एकच. फोम ग्लासवर जड रोलर फिरवून तिचा चुरा करू नका. साखळीपट्ट्यांवर चालणारं हलकं यंत्र चालवा.

---

डोवेलबार

काचखडी, सहमत. फक्त तिच्या वरच्या थरातला बारीक माल तिच्या पोकळ्यांत उतरू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे गाळणीसारखं कापड, हवं.

---

जुनाजाणता

नॉर्वेने फोम येण्याआधी लाकडाच्या गिरण्यांतली झाडांची साल आणि रेल्वेखाली पीट (दलदलीतला कुजलेल्या वनस्पतींचा थर) वापरलंय. ही ओली सामग्री, आणि तिचा ओलेपणाच उपयोगी. तिच्यातलं पाणी गोठायला इतका वेळ घेतं की तोवर हिवाळा सरतो. काँक्रीटच्या स्लॅबखाली मात्र ती चालणार नाही, फार दबते. पण ऊब धरून ठेवायला नुसतं कमी वाहकतेचं सामान लागतं असं नाही, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

---

दूरचाप्रवासी

अवांतर: कायम गोठलेल्या जमिनीवर, म्हणजे परमाफ्रॉस्टवर, हेच करतात का?

---

जुनाजाणता

करतात, पण उलट्या हेतूने. तिथे जमीन गोठलेली *राहायला* हवी, वितळली की रस्ता बसतो. पाटी तिथे उन्हाळ्याची उष्णता खाली जाण्यापासून अडवते. अडचण अशी की ती हिवाळ्याची थंडीही खाली जाऊ देत नाही, त्यामुळे जमिनीला पुन्हा गार व्हायला अडथळा येतो. म्हणून २००६ मध्ये ल्हासापर्यंत पोहोचलेल्या किंघाई-तिबेट रेल्वेवर भर दिला तो मोठ्या दगडांच्या भरावावर, ज्यातून हिवाळ्यातली गार हवा खेळते, आणि उष्णता वर काढणाऱ्या थर्मोसायफन नळ्यांवर. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

---

डोवेलबार

मूळ विषयाकडे. कडा आणि टोकं यांवर अजून कोणी नीट लिहिलं नाही.

कडा: हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढून कडेला लोटतात. कडेचा बर्फ स्वतः चांगला उष्णतारोधक, त्याखालची जमीन कमी गोठते. रस्त्याचा मधला भाग उघडा, तो जास्त गोठतो. मध्य उचलला जातो, कडा जागेवर, आणि मध्यरेषेच्या जवळून लांबच लांब उभा तडा. उलट ज्या वर्षी बर्फ पडण्याआधीच कडक थंडी येते, तेव्हा थंडी खांद्याच्या बाजूने आडवी आत शिरते. म्हणून पाटी स्लॅबच्या कडेशी थांबवू नका, खांद्याखाली पुढे न्या.

टोकं: इन्सुलेशन जिथे संपतं तिथे एका बाजूला न उचलणारा रस्ता, दुसऱ्या बाजूला उचलणारा. मध्ये पायरी तयार होते. त्यामुळे शेवटच्या भागात पाटीची जाडी टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायची. रस्ता जितका उचलला जाण्याची शक्यता, तितका हा उतरता भाग लांब. काँक्रीटमध्ये प्रत्येक टप्पा सांध्यापाशी यावा, स्लॅबच्या पोटाखाली नाही.

मोऱ्या: पाइपातून गार वारा वाहतो, त्याच्याभोवतीची माती आतूनही गोठते. कुठे मोरीवर उंचवटा येतो. कुठे मोरीभोवती चांगली खडी भरलेली असते म्हणून ती जागेवर राहते, दोन्ही बाजूंचा रस्ता उचलला जातो आणि मोरीवर खड्डा पडल्यासारखा होतो. दोन्ही ठिकाणी मोरीच्या अलीकडे-पलीकडे उतरतं इन्सुलेशन लागतं.

---

खडीवाला

पाट्या घालणाऱ्यांसाठी माझ्याकडून थोडं. खालचा पृष्ठभाग वाळूने नीट सपाट करा, पाटीखाली पोकळी राहिली की ती मोडते. दोन पातळ थर घालत असाल तर सांधे एकावर एक येऊ देऊ नका. वाऱ्याने पाट्या उडतात, लगेच खडीने झाकत चला. डंपर पाटीवर चढवू नका, आधी पडलेल्या खडीवरून पुढे ढकलत न्या, आणि निदान १५-२० सेंमी थर झाल्याशिवाय रोलर आणू नका. उन्हात आठवडेच्या आठवडे उघड्या ठेवल्या तर पाट्या वरून पिवळ्या पडून भुसभुशीत होतात.

फोमला सुरुवातीला माझा विरोध होता तो खर्चाच्या काळजीने. कडक हिवाळा, गाळमाती आणि वर आलेलं भूजल, हे तिन्ही एकत्र असतील तर आता माझी हरकत नाही.

---

नवाअभियंता

शेवटचा प्रश्न. रस्ता आधीच बांधलेला आहे, स्लॅब दर हिवाळ्यात काही ठिकाणी उचलला जातो. आता इन्सुलेशन करता येईल का?

---

पायवाट

स्लॅब न उचलता त्याखाली सलग पाटी सरकवता येत नाही. एक हिवाळा त्या जागांची लेव्हल घ्या: गोठण सुरू होण्याआधी, भर थंडीत आणि वितळल्यावर. कोणता स्लॅब किती वर गेला आणि परत जागेवर आला का, हे कळलं की निम्मं निदान झालं. जो परत खाली येत नाही त्याच्याखाली माल सरकून बसलेला आहे.

मग आधी पाणी. कडेची नाली खोल करा, सांधे पुन्हा भरा, डोंगराकडून झिरपा येत असेल तर तो रस्त्याच्या वरच्या अंगालाच अडवून वळवा. बऱ्याच जागी एवढ्यानेच उचलणं उतरतं, कारण बर्फाच्या चकत्यांना पाणी मिळेनासं होतं. त्यानंतरही जिथे त्रास राहील, तिथले स्लॅब पूर्ण काढा, फुगणारी माती खोदा, खडी, पाटी आणि पुन्हा खडी घाला, दोन्ही टोकांना उतरता भाग ठेवा आणि नवा स्लॅब जुन्याशी डोवेलने जोडा. खोदताना पाटीच्या पातळीला एक-दोन तापमान सेन्सर पुरून ठेवा, एक पाटीच्या वर आणि एक खाली. पुढच्या हिवाळ्यात खालचा सेन्सर शून्याच्या खाली किती दिवस गेला, ते बघून पुढच्या तुकड्याची जाडी ठरवता येईल.